खुब्याच्या बाहेरील अंगाचे चिवट दुखणे व व्यायामोपचाराचे तत्त्व

चाळिशी उलटलेल्या, विशेषतः रजोनिवृत्तीच्या सुमारास आलेल्या, स्त्रियांमध्ये आढळणारे एक दुखणे असे आहे की, त्याचे वर्णन निरनिराळ्या रुग्णांच्या तोंडून जवळजवळ एकाच शब्दांत ऐकावयास मिळते. खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, हाताने चाचपल्यास जेथे हाडाचा उंचवटा लागतो नेमक्या त्या जागी ठणका लागतो. त्या कुशीवर निजता येत नाही. दुसऱ्या कुशीवर वळले तरी काही वेळाने जाग येते. जिना चढताना किंवा एका पायावर उभे राहून दुसरा पाय कपड्यात घालताना कळ उठते. बराच वेळ बसून उठल्यावर पहिली चार पावले लंगडत पडतात. हे दुखणे जिवावरचे नसते, म्हणून घरात त्याची फारशी दखल घेतली जात नाही. रुग्णही ते वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. परंतु महिनोन् महिने रात्रीची झोप मोडणे आणि दिवसाचे चालणे कमी होत जाणे, हे नुकसान लहान नव्हे.

हा विकार विरळाही नाही. अमेरिकेत ५० ते ७९ वर्षे वयाच्या, गुडघ्याचा संधिवात असलेल्या अथवा तो होण्याचा संभव असलेल्या व्यक्तींची एक पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत स्त्रियांपैकी १५ टक्क्यांना एका बाजूस व ८·५ टक्क्यांना दोन्ही बाजूंस हे दुखणे आढळले. पुरुषांत हेच प्रमाण अनुक्रमे ६·६ व १·९ टक्के होते. गुडघा निरोगी असलेल्या सर्वसाधारण लोकसंख्येस हे आकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि स्त्रियांमधील आधिक्य त्यांवरून स्पष्ट होते.

अशा रुग्णापुढे दोन सल्ले परस्परविरुद्ध उभे राहतात. एक म्हणतो, दुखते त्या भागाला विश्रांती द्यावी. दुसरा म्हणतो, चालत राहावे, स्नायू ताणावेत, म्हणजे दुखणे जाईल. दोन्ही सल्ल्यांत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुरे आहेत. खुब्याच्या बाजूचा भाग एका प्रकारच्या भाराने दुखावतो व दुसऱ्या प्रकारच्या भाराने सुधारतो. या दोहोंतील भेद ओळखणे, हेच येथील व्यायामोपचाराचे मर्म होय.

रचना व तोल

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा होय. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडांच्या, म्हणजे श्रोणीच्या, खोल वाटीत बसते. डोक्याखालची मान तिरपी बाहेर जाते आणि हाडाच्या सरळ दांड्याला जेथे मिळते, तेथे बाहेरच्या अंगाला एक मोठा उंचवटा असतो. शरीरशास्त्रात त्यास महाट्रोकँटर म्हणतात. श्रोणीच्या बाहेरील पृष्ठभागापासून निघणाऱ्या मध्यम व लघु या दोन नितंबस्नायूंच्या कंडरा याच उंचवट्यावर येऊन चिकटतात. त्यांच्यावरून, कमरेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत, मांडीच्या बाहेरच्या बाजूने एक रुंद व चिवट तंतुमय पट्टा जातो. पट्टा आणि कंडरा यांचे घर्षण होऊ नये म्हणून मध्ये बर्सा नावाच्या द्रवयुक्त चपट्या पिशव्या असतात. हाड, कंडरा, पिशवी आणि पट्टा असे हे थर एकावर एक रचलेले आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

या दोन स्नायूंचे मुख्य कार्य पाय बाजूला उचलणे हे आहे, असे पुस्तकी वर्णन असते. व्यवहारात त्यांचे खरे कार्य निराळे आहे. चालताना प्रत्येक पावलागणिक काही क्षण सर्व शरीर एकाच पायावर तोललेले असते. त्या वेळी अधांतरी असलेल्या पायाच्या बाजूला श्रोणी कलू पाहते. तो कल रोखून धरण्याचे काम टेकलेल्या पायाच्या बाजूचे नितंबस्नायू करतात.

हे काम किती जड आहे, हे असमान भुजांच्या तराजूवरून समजते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीचा एक पाय वगळला तर उरलेले सुमारे ५० किलो वजन एका खुब्यावर तोलावयाचे असते. या वजनाची रेषा शरीराच्या मध्याजवळून जाते, म्हणजे सांध्यापासून दूर असते. स्नायूंची ओढ मात्र सांध्याच्या अगदी जवळ लागू होते. तराजूची वजनाकडील भुजा स्नायूंकडील भुजेच्या दुपटीहून लांब असल्याने, ५० किलो तोलण्यासाठी स्नायूंना १०० किलोंहून अधिक ओढ लावावी लागते आणि सांध्यावर या दोन्हींच्या बेरजेचा भार पडतो. फ्रिड्रिख पाउवेल्स या जर्मन शल्यविशारदाने १९३५ च्या आपल्या ग्रंथात खुब्यातील बलांचे असेच गणित मांडले. पुढे बर्लिन येथे बेर्गमान व त्यांचे सहकारी यांनी कृत्रिम सांध्यात मोजमापाची साधने बसवून प्रत्यक्ष भार मोजले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे साध्या चालीत खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २·४ पट भार येतो. वर घेतलेल्या उदाहरणात तो १४३ किलोंच्या आसपास होईल.

हे स्नायू दुबळे झाले की काय होते, याचे वर्णन ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्येच केले होते. दुबळ्या बाजूच्या पायावर उभे राहताच श्रोणी विरुद्ध बाजूला खाली कलते. ही खूण आजही रुग्णतपासणीत त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

जुने निदान व त्याची दुरुस्ती

विसाव्या शतकात दीर्घ काळ या दुखण्यास बर्सादाह, म्हणजे उंचवट्यावरील पिशवीचा दाह, असे म्हटले जाई. नावातच उपचार सूचित झाला होता. दाह असेल तर तो शमवावा. म्हणून विश्रांती, शेक, दाहशामक गोळ्या आणि अखेर त्या जागी कॉर्टिकोस्टेरॉइडचे इंजेक्शन, असा क्रम रूढ झाला.

शरीराच्या अंतर्भागाचे चित्रण सुलभ झाल्यावर या निदानाचा पाया डळमळला. २००१ मध्ये बर्ड व सहकाऱ्यांनी हा त्रास असलेल्या २४ स्त्रियांचे चुंबकीय अनुनाद चित्रण, म्हणजे एम. आर. आय., केले. त्यांपैकी ११ जणींच्या मध्यम नितंबस्नायूच्या कंडरेत चीर आढळली व १५ जणींत कंडरेचा विकार दिसला. पिशवी फुगलेली अशा रुग्णा केवळ दोन होत्या आणि त्यांच्याही कंडरेत दोष होताच. २०१३ मध्ये ८७७ रुग्णांच्या सोनोग्राफीचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ८० टक्के रुग्णांना बर्सादाह नव्हताच. त्यापूर्वी, १९९७ मध्ये, बंकर व सहकाऱ्यांनी खुब्याच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रियांच्या वेळी ५० रुग्णांच्या कंडरा पाहून त्यांपैकी ११ रुग्णांत त्या फाटलेल्या असल्याचे नोंदविले होते आणि खांद्याच्या कंडरांच्या प्रसिद्ध विकाराशी त्याची तुलना केली होती.

या सर्वांचा इत्यर्थ असा की, दुखण्याचे मूळ बहुधा पिशवीत नसून कंडरेत असते. हा केवळ नावाचा फरक नव्हे. दाह शमवावयाचा असतो. झिजलेली कंडरा मात्र पुन्हा भारक्षम करावी लागते. निदान बदलले की उपचाराची दिशाच बदलते.

कंडरा दुखावते कशी

कंडरा ही दोरीसारखी असून लांबीच्या दिशेने पडणारा ताण सोसण्यासाठी तिची घडण असते. तिला आडवे चेपले जाणे मानवत नाही. दीर्घ काळ दाबाखाली राहिलेल्या कंडरेत पाणी धरून ठेवणारी द्रव्ये वाढतात, तंतूंची समांतर रचना विस्कटते आणि ती हळूहळू कूर्चेसारखी होऊ लागते. अशी कंडरा ताण सोसण्यास कमी पडते.

खुब्याच्या बाजूला हा दाब येतो तो बाहेरच्या पट्ट्याकडून. मांडी शरीराच्या मध्यरेषेकडे किंवा तिच्या पलीकडे गेली की पट्टा उंचवट्यावर घट्ट ताणला जातो आणि खालच्या कंडरा हाडाशी दाबल्या जातात. बिर्नबाउम व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हा दाब मोजला. पाय सरळ असताना तो अवघा ४ न्यूटन होता. मांडी केवळ १० अंश आत नेली तेव्हा तो ३६ न्यूटन झाला आणि ४० अंशांना १०६ न्यूटनांवर गेला. अवघ्या १० अंशांच्या झुकावाने दाब नऊपट होतो, हे या विकाराच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. कारण असा झुकाव नित्याच्या व्यवहारात नकळत शेकडो वेळा घडतो.

येथे एक दुष्टचक्र सुरू होते. दुखते म्हणून पायाचा उपयोग कमी होतो. उपयोग कमी झाल्याने नितंबस्नायू दुबळे होतात. ते दुबळे झाल्याने चालताना श्रोणी विरुद्ध बाजूला कलते. श्रोणी कलली म्हणजे टेकलेल्या पायाची मांडी तिच्या मानाने आत झुकते. मांडी आत झुकली की पट्टा कंडरेला चेपतो आणि दुखणे वाढते. केवळ विश्रांतीने हे चक्र तुटत नाही, उलट स्नायूंच्या दुबळेपणाच्या टोकाकडून ते अधिकच वेग घेते. दाब चालू ठेवून केलेल्या जोरदार व्यायामानेही ते तुटत नाही. म्हणून उपचाराची दोन अंगे मानली जातात. पहिले, दाब काढून घेणे. दुसरे, ताण क्रमाक्रमाने वाढविणे.

पहिले अंग : बसणे, उठणे, निजणे

दाब कमी करावयाचा तर दिवसरात्रीच्या स्थितींकडे लक्ष द्यावे लागते. सर्वांत मोठा अपराधी म्हणजे एका पायावर सर्व भार देऊन, खुबा बाहेर काढून उभे राहण्याची सवय. रांगेत, फलाटावर, ओट्यापाशी मनुष्य असाच उभा राहतो. आपल्याकडील स्त्रिया मूल कडेवर घेतात तेव्हा खुबा मुद्दाम बाहेर काढून त्याचा आसरा करतात. घागर कमरेवर घेतानाही तेच घडते. नातवंडांना कडेवर खेळविणाऱ्या आजीच्या दुखण्यात या सवयीचा भाग किती, हे वैद्याने विचारावयास हवे. मूर्तिशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर अशा रुग्णास मुरलीधराची त्रिभंग स्थिती वर्ज्य असून पंढरीच्या विठ्ठलाची समचरण स्थिती पथ्यकर आहे.

बसण्याच्या बाबतीत, खुर्चीवर एका मांडीवर दुसरी मांडी टाकून बसणे टाळावे. जमिनीवर एका अंगावर रेलून बसणेही हितकर नाही. मांडी घालून बसण्याची गोष्ट निराळी. त्या बैठकीत मांड्या मध्यरेषेकडे न जाता बाहेर उघडतात. म्हणून तिच्यावर सरसकट बंदी घालण्याचे कारण नाही. त्रास होतो तो मुख्यतः जमिनीवरून उठताना. तेव्हा काही काळ पाट किंवा उंच आसन वापरावे व हाताचा आधार घेऊन, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उठावे.

निजण्याचा प्रश्न सर्वांत अवघड असतो. दुखऱ्या कुशीवर निजल्यास अंथरूणच उंचवट्याला दाबते, हे कोणासही समजते. परंतु निरोगी कुशीवर निजल्यावरही दुखते, याचे कारण रुग्णास उमगत नाही. त्या वेळी वरचा दुखरा पाय पुढे घसरून मध्यरेषेच्या पलीकडे जातो व पट्टा ताणला जातो. दोन्ही गुडघ्यांच्या व घोट्यांच्या मध्ये जाड उशी ठेवून वरची मांडी समपातळीत राखली की हा ताण निघतो. उताणे निजणे सर्वांत सुखकर. गुडघ्यांखाली उशी घेतल्यास ते अधिक सोपे जाते. अंथरूण फार कठीण असेल तर त्यावर एखादी वाकळ दुमडून घालावी.

आणखी एक पथ्य असे आहे की, ते रुग्णांना आश्चर्याचे वाटते. खुब्याच्या दुखण्यावर पाय छातीपाशी ओढून दुसऱ्या बाजूला नेण्याचे, किंवा पायांची अढी घालून बाजूला वाकण्याचे ताणव्यायाम पुष्कळदा सांगितले जातात. करताना बरे वाटते. तथापि या दोन्ही कृतींत मांडी मध्यरेषेच्या पलीकडे नेली जाते आणि दाबाचे जे कारण, तेच उपाय म्हणून घडते. या विकारात असे ताण देणे थांबवावे, असा सल्ला आता दिला जातो.

काठीचाही येथे विचार करावयास हवा. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ मध्ये 'काठी टाकून देऊ नका' अशा आशयाच्या शीर्षकाचा लेख लिहून तिची यांत्रिक उपयुक्तता दाखवून दिली. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात न धरता विरुद्ध हातात धरावयाची असते. तेथे ती सांध्यापासून दूर असल्याने लांब भुजेचा लाभ मिळतो आणि हाताच्या थोड्या दाबानेही नितंबस्नायूंची पुष्कळ ओढ वाचते. तीव्र अवस्थेत काही आठवडे काठी वापरण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

दुसरे अंग : क्रमवार भार

दाब कमी झाल्यावर वेदना बरीच उतरते. परंतु तेवढ्यावर थांबल्यास कंडरा जशीच्या तशी दुबळी राहते. तिला पुन्हा समर्थ करण्याचा उपाय म्हणजे लांबीच्या दिशेने पडणारा, बेताचा, नियमित व वाढता ताण. ताण पडला की कंडरेतील पेशी तंतुद्रव्याची निर्मिती वाढवितात; मात्र हे कार्य संथ असते. स्नायूंचा जोर काही आठवड्यांत वाढतो, कंडरेस महिने लागतात.

आरंभ स्थिर आकुंचनाने होतो. उताणे निजून, गुडघ्यांखाली उशी घेऊन, मांड्यांभोवती एक पट्टा सैलसर बांधावा व पाय बाहेर फाकविण्याचा अगदी हलका प्रयत्न करावा. पाय हलू नये. केवळ स्नायू जागा व्हावा. हाच प्रयत्न पुढे उभे राहून, पावले थोडी फाकवून करता येतो. जोर लावण्याचा मोह येथे आवरावयास हवा.

दुसरी पायरी सेतूची. पाठीवर निजून, गुडघे उभे करून, कंबर जमिनीपासून उचलावयाची. प्रथम दोन्ही पायांवर, मग एका पायावर अधिक भार देऊन, अखेर एकाच पायावर. तिसरी पायरी उठण्याबसण्याची. खुर्चीवरून हात न टेकता उठावे व सावकाश बसावे. गुडघे आत वळू देऊ नयेत. नंतर भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहण्याचा व लहान पायरी चढण्याचा अभ्यास करावा. आरशापुढे उभे राहिल्यास श्रोणी कलते की नाही, हे रुग्णास स्वतःच पाहता येते. चौथी पायरी बाजूच्या भाराची. गुळगुळीत फरशीवर एका पायाखाली फडके घेऊन तो पाय बाजूला सरकवावा व परत आणावा, किंवा आडवी पावले टाकावीत. पुढे रबरी पट्ट्याचा विरोध घालून हा भार वाढविता येतो.

हे सर्व करताना वेदना मुळीच होऊ नये, असा आग्रह धरल्यास व्यायाम कधीच पुढे सरकत नाही. थोडी, सोसण्याजोगी व व्यायाम थांबताच उतरणारी वेदना ही हानीची खूण नव्हे. खरी कसोटी रात्री व दुसऱ्या दिवशी सकाळी लागते. त्या रात्री झोप अधिक मोडली, किंवा सकाळी पहिली पावले अधिक दुखरी पडली, तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला असे समजून एक पायरी खाली उतरावे. तसे न घडल्यास तोच भार चालू ठेवावा आणि तो सोपा वाटू लागला की वाढवावा. वेदनेस शत्रू न मानता मोजपट्टी मानण्याची ही दृष्टी रुग्णाच्या मनातील भीती कमी करते. आणि दीर्घकालीन दुखण्यात भीती हाही एक रोगच असतो.

पुरावा काय सांगतो

तत्त्व कितीही सुसंगत असले तरी ते रुग्णांवर पडताळावे लागते. २००९ मध्ये रोंपे व सहकाऱ्यांनी २२९ रुग्णांवरील तुलना प्रसिद्ध केली. एका गटास घरी करावयाचे व्यायाम, दुसऱ्यास एक कॉर्टिकोस्टेरॉइड इंजेक्शन व तिसऱ्यास ध्वनितरंगांच्या आघातांचा उपचार देण्यात आला. एका महिन्यानंतर इंजेक्शनाच्या गटातील ७५ टक्के रुग्ण सुधारले होते. व्यायामाच्या गटातील केवळ ७ टक्के. पंधरा महिन्यांनी चित्र उलटले. व्यायामाच्या गटात ८० टक्के रुग्ण सुधारलेले होते, तर इंजेक्शनाच्या गटात ४८ टक्केच उरले. तिसऱ्या गटातही त्या वेळी ७४ टक्के यश होते. या अभ्यासात रुग्णांची वाटणी काटेकोर यदृच्छेने झालेली नव्हती. तरीही लवकर येणारा आराम आणि टिकणारा आराम या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून ठळकपणे पुढे आले.

अधिक भक्कम पुरावा २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातून आला. मेलर व सहकाऱ्यांनी ३५ ते ७० वर्षे वयाच्या २०४ रुग्णांची, त्यांत १६७ स्त्रिया, यदृच्छेने तीन गटांत वाटणी केली. पहिल्या गटास वर वर्णिलेल्या प्रकारचे शिक्षण व व्यायाम आठ आठवडे देण्यात आले. दुसऱ्यास इंजेक्शन मिळाले. तिसऱ्यास थोडी माहिती देऊन वाट पाहण्यास सांगण्यात आले. आठ आठवड्यांनी आपण बरेच सुधारलो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ७७·३, ५८·५ व २९·४ टक्के होते. एका वर्षाने ते ७८·६, ५८·३ व ५१·९ टक्के झाले.

हे आकडे काळजीपूर्वक वाचावयास हवेत. व्यायामाचा गट दोन्ही वेळी पुढे आहे, हे खरे. परंतु केवळ वाट पाहणाऱ्यांपैकीही निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षाअखेर सुधारले होते. म्हणजे काही अंशी हा विकार स्वभावतःच ओसरतो. शिवाय वेदनेच्या तीव्रतेपुरते पाहिले तर वर्षाच्या शेवटी व्यायाम व इंजेक्शन यांत लक्षणीय अंतर उरले नव्हते. आपणास कोणता उपचार मिळत आहे हे रुग्णांना ठाऊक होते, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातच गँडरटन व सहकाऱ्यांनी रजोनिवृत्ती झालेल्या ९४ स्त्रियांवर दुसरी परीक्षा घेतली. दोन्ही गटांना बसण्या-उठण्याचे शिक्षण सारखेच दिले. व्यायाम मात्र एका गटास नितंबस्नायूंवर भार देणारे व दुसऱ्यास नाममात्र असे दिले. दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात एकंदरीने महत्त्वाचा फरक आढळला नाही. यावरून व्यायाम निरुपयोगी ठरत नाही. परंतु पहिल्या अंगाचा, म्हणजे दाब टाळण्याच्या शिक्षणाचा, वाटा समजला जातो त्याहून मोठा असावा, हे सूचित होते. व्यायामांची यादी रुग्णाच्या हाती देऊन निजण्या-बसण्याविषयी एक शब्दही न बोलणारा उपचार म्हणूनच अर्धा ठरतो.

निदानातील दक्षता

वर सांगितलेले सर्व खुब्याच्या बाहेरील अंगाच्या कंडरांच्या विकारास लागू आहे. खुब्याच्या प्रत्येक दुखण्यास नव्हे. सांध्याच्या आतील झीज निराळी. तिची वेदना बहुधा जांघेत जाणवते, सांधा आखडतो, मोजे व जोडे घालणे अवघड होते. आपल्याकडे मांडी घालता न येणे व उकिडवे बसता न येणे ही तिची ठळक चिन्हे ठरतात. कंडरेच्या विकारात या हालचाली सहसा शाबूत असतात. उंचवट्यावर बोटाने दाबताच ओळखीची वेदना होते आणि दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभे राहिल्यास ती जागी होते.

हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. सांध्याच्या झिजेवरील व्यायामांचा २०१४ मध्ये झालेला कॉक्रेन आढावा शंभरांच्या मापावर सुमारे ८ अंकांचा, म्हणजे माफक, लाभ दाखवितो. त्याच वर्षी मेलबर्न येथील बेनेल व सहकाऱ्यांनी अशा १०२ रुग्णांवर भौतिकोपचाराची तुलना नाममात्र उपचाराशी केली, तेव्हा दोहोंत फरक आढळला नाही. भौतिकोपचार या एका शब्दाखाली अनेक उपचार आणि खुबेदुखी या एका शब्दाखाली अनेक रोग मोडतात. योग्य जोडी जुळली तरच फळ मिळते.

काही प्रसंगी तर व्यायामाचा विचारही आधी करू नये. वृद्ध व्यक्ती पडल्यानंतर खुबा दुखू लागला असेल तर अस्थिभंग नाही, याची खात्री प्रथम करावी. ताप, वजन घटणे व रात्री घाम येणे यांसह खुबा दुखत असेल तर क्षयाची शंका घ्यावी. भारतात सांध्याचा क्षय आजही विस्मृतीत टाकण्याजोगा झालेला नाही. दीर्घ काळ स्टेरॉइड घेतलेल्या किंवा अतिमद्यपान करणाऱ्या व्यक्तीच्या जांघेत दुखू लागल्यास मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्याचा संभव असतो. त्याचे आरंभीचे क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते, म्हणून एम. आर. आय.ची गरज भासते. वेदना गुडघ्याखाली उतरत असेल व पायाला मुंग्या येत असतील तर कण्याची तपासणी करावी. लहान मूल लंगडत असेल तर हा विकार मनातही आणू नये आणि विनाविलंब तज्ज्ञाकडे जावे.

उपसंहार

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ मध्ये भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले, त्या काळी या शास्त्रापुढील मोठे कार्य पोलिओने लुळ्या पडलेल्या अवयवांचे होते. आज तेच शास्त्र झोप मोडणाऱ्या, चालणे हिरावणाऱ्या, परंतु कोणाच्या डोळ्यांत न भरणाऱ्या दुखण्यांकडे वळले आहे. खुब्याच्या बाहेरील अंगाचे दुखणे हे त्यांपैकी एक. त्यास लागणारी सामग्री म्हणजे एक उशी, एक खुर्ची, एक पायरी आणि गुळगुळीत फरशी. खर्च होतो तो वेळेचा. इंजेक्शन एका आठवड्यात जे देते ते मिळविण्यास व्यायामास दोन महिने लागतात, आणि त्या दोन महिन्यांत रुग्णाचा धीर सुटण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. म्हणून पहिल्याच भेटीत उपचारकाने रुग्णास दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. एक, आराम उशिरा येईल. दुसरी, वेदना झाली म्हणजे इजा झाली असे नव्हे. या दोन गोष्टी पटलेला रुग्ण व्यायाम सोडत नाही. आणि जो व्यायाम सोडत नाही, त्याच्याच कंडरेस पुन्हा भार सोसण्याची सवय होते.